कमी जेवणारा वाढपी

मीटरकाकांचं खरं नाव त्यांच्या सुनेला लग्नपत्रिकेवरूनच काय ते कळलं असेल. एरवी सगळ्या गल्लीला ते मीटरकाका. नोकरीत असताना घरोघर जायचं, दारावरचं विजेचं मीटर बघायचं, आकडा टिपायचा, पुढच्या दाराला जायचं, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. नोकरी सुटली, पण मीटर काही सुटलं नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी नजर मीटरकडे आणि मग घरातल्या माणसांकडे. चाक भराभर फिरताना दिसलं की दारातूनच म्हणायचे, "काय हो, गिझर चालू ठेवून गप्पा मारताय?" लोक हसायचे, आणि घरातली बाई हळूच उठून मोरीकडे जाऊन यायची. कारण गिझर खरंच चालू असायचा.

त्यांच्या स्वतःच्या घरात तर विचारूच नका. माणूस खोलीतून उठला की त्याच्या पाठोपाठ उजेडही उठायचा. काकू म्हणायच्या, "आमच्याकडे सावलीलासुद्धा दोन घटका टेकायची सोय नाही." न्हाणीघरात कुणी जरा रमलं की बाहेरून दिवा बंद, आणि आतून आरोळी, "अहो, मी आहे आत!" काका पुन्हा दिवा लावायचे खरे, पण तोंडाने पुटपुटायचे, "मग आवाज तरी करावा माणसाने."

दाराशी, हात सहज वर जाईल इतक्या उंचीवर, त्यांनी एक मोठा खटका बसवून घेतला होता. तो खाली पाडला की फ्रिज सोडून सगळं घर बंद. फ्रिजची लाईन त्यांनी मुद्दाम वेगळी काढून घेतली होती, आणि त्याचा त्यांना मुलाच्या नोकरीइतकाच अभिमान होता. घराबाहेर पडताना सगळ्यांनी पुढे जिन्यात जाऊन उभं राहायचं, काका मागे थांबणार, खटका पाडणार, कुलूप लावणार आणि मगच जिना उतरणार. ही त्या घराची पद्धत.

मुलगा जहाजावर. सहा-सहा महिने पाण्यात. सूनबाई सासू-सासऱ्यांजवळ राहायची आणि बाहेरच्या खोलीत तिचं कशिद्याचं मशीन चालायचं. हाताने काढायचा कशिदा नव्हे हो, कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती मशीनला द्यायची, मग मशीन आपलं खडखड करत कापडावर फुलं उमटवत बसतं. नक्षी मात्र तिची स्वतःची, कुणाची उचललेली नाही. मान वळवून मागे बघणारं एक पाखरू तिने काढलं होतं, तर बायका दुरून येऊन विचारायच्या, "ते मागे बघणारं पाखरू इथेच करतात ना?"

नक्ष्या वाढल्या आणि तिचा लॅपटॉप धापा टाकायला लागला. एक उघडायला जावं तर दुसरं मिटायचं. तेव्हा मुलगा जहाजावरून फोनवर म्हणाला, "घरातच एक छोटा सर्व्हर ठेवा. एका बोर्डाचा कॉम्प्युटर मिळतो, हातावर मावेल एवढा. सगळ्या नक्ष्या त्यात, लॅपटॉप तिथूनच घेईल, मशीनही तिथूनच घेईल. फक्त चोवीस तास चालू ठेवावा लागतो."

चोवीस तास म्हटल्यावर काका फोनजवळ सरकले. "चोवीस तास? आणि खातो किती?"

"बाबा, फारच कमी खाणारे पण असतात."

"मग मी निवडतो," काका म्हणाले. नक्ष्या सूनबाईच्या, मशीन तिचं, पण विजेचा प्रश्न निघाला की त्या घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही हे तिला ठाऊक होतं.

दोघं दुकानात गेले. दुकानदार दाढीवाला, कुणाशीही बोलताना हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवणारा. त्याने विचारलं, "काका, सिंगल बोर्ड बघायचेत ना? बोर्डातलं काही कळतं का तुम्हाला?"

"बोर्डातलं?" काकांनी छाती पुढे काढली. "अरे, बोर्डांपुढे उभं राहूनच माझं आयुष्य गेलं."

"बाबा, तो बोर्ड वेगळा," सूनबाई हळूच म्हणाली.

"बोर्ड तो बोर्ड," काका म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

दुकानदाराने काचेवर तीन बोर्ड मांडले. पहिला चांगला ऐसपैस, डोक्यावर पंखा. "हा धावतो, पण तापतो." दुसरा मधला. त्याच्या पोटाखाली खरी डिस्क बसत होती आणि सोबत एक लहानशी बॅटरी मिळत होती. "वीज अचानक गेली तर ही बॅटरी त्याला सांगते, बाबा रे, आवर आता. मग तो आपलं सगळं नीट मिटवून झोपतो." तिसरा एखाद्या बिस्किटाएवढा. त्यात डिस्क नाही, बॅटरी नाही, नखाएवढं एक कार्ड खुपसायचं की झालं. "हा शिकायला बरा, खेळायला बरा. कामाचं काही यात ठेवू नये असं मी सांगेन."

काकांनी ऐकलं न ऐकलं केलं आणि थैलीतून आपलं प्लगात बसवायचं मीटर काढलं. "एकेक लावा बघू याला."

दुकानदार बघतच राहिला. "काका, लोक येतात ते वेग विचारतात, मेमरी विचारतात. भूक विचारणारे तुम्हीच पहिले."

"सर्व्हर म्हणजे कोण रे? वाढपीच ना?" काका खुशीत आले होते. "मग वाढपी कसा हवा? सगळ्यांना मागेल ते वाढणारा आणि स्वतः कमी जेवणारा!"

दुकानदार हसला, शेजारचं गिऱ्हाईक हसलं, काका स्वतःही हसले. सूनबाई तेवढी हसली नाही. ती मधल्या बोर्डाकडे बघत होती. "बाबा, हा घेऊ या ना. डिस्क आहे याला."

"हा बसल्या बसल्या त्या धाकट्याच्या दुप्पट खातो. वर त्याच्या बॅटरीलाही पाजायचं. आपल्याकडे वीज जाते कुठे?"

"वीज जात नसेल," दुकानदार म्हणाला, "पण माणसं असतातच ना येता-जाता हात लावणारी. या धाकट्याचं पथ्य एकच आहे काका, अचानक करंट काढायचा नाही. तो लिहीत असताना काढलात तर कार्डाचा भुगा."

"माझ्या घरात?" काका म्हणाले. "माझ्या घरात मला विचारल्याशिवाय बटणाला कुणी बोट लावत नाही."

बिस्किटाएवढा बोर्ड घेऊन दोघं घरी आले.

पुढचे काही दिवस काकांचे फार सुखाचे गेले. जहाजावरून मुलाने सांगितलं तसं सूनबाईने सगळं जोडलं, आणि मशीनच्या वरच्या फळीवर एक हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. खटक्याच्या वर काकांनी स्वतःच्या हाताने लिहून कागद डकवला, 'बंद करू नये'. खाली मुद्दाम रेघ मारली. काकूंना बजावलं, सुनेला बजावलं, मोलकरणीला तर दोनदा बजावलं. येईल त्याला फळीपाशी नेऊन दाखवायचे, "झिरोच्या दिव्यापेक्षा कमी खातो, बोला!" येणारा बिचारा मान हलवायचा.

मग एक दिवस सुनेला म्हणाले, "आता त्या लॅपटॉपमधलं सगळं काढून टाक. एकच वस्तू दोन दोन ठिकाणी कशाला?"

"एक प्रत राहू दे ना बाबा, असावी."

"म्हणजे माझ्या बोर्डावर विश्वास नाही तुझा?"

लॅपटॉप तसाही गळ्यापर्यंत भरला होता. तिने काढून टाकलं.

त्यानंतर अधूनमधून काहीतरी चुकायला लागलं. बाहेरून सगळे घरी आले की मशीन म्हणायचं नक्षी सापडत नाही. थोडं थांबलं की सापडायची. काका म्हणायचे, "नवीन आहे, रुळेल." सूनबाई म्हणायची, "बाबा, दुकानात विचारून येऊ या का?" काका म्हणायचे, "कशाला? जास्त खाणारा गळ्यात मारेल तो." असं करता करता एक दिवस हिरवा ठिपका लुकलुकलाच नाही. तांबडा तेवढा जळत राहिला, डोळा आल्यासारखा.

काका कार्ड घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने खूप खटपट केली. काही निघालं, बरंचसं नाही, आणि निघालं त्याचेही तुकडे. पाखराची चोच मिळाली, पाखरू नाही. त्याने काकांना टोमणा मारला नाही, एवढंच म्हणाला, "करंट गेलाय याचा. एकदा नाही, बऱ्याचदा." काकांनी नवीन कार्ड घेतलं, घरी येऊन बोर्डात घातलं, आणि हिरवा ठिपका पुन्हा लुकलुकायला लागला. रिकाम्या घरावर पाटी लावावी तसा.

सूनबाई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती कपाटातली जुनी भरलेली कापडं काढून एकेक फूल उलटंसुलटं करून बघत बसली.

आणि नेमके त्याच रविवारी तिचे वडील, अप्पा, जेवायला आले. व्याही म्हणजे शिंपीकाम करणारा साधा माणूस, बोलताना समोरच्याच्या कॉलरची शिवण बघायची सवय, पण मनाने अगदी मऊ. पानं वाढली होती. तेवढ्यात मुलाचा फोन आला, काकूंनी तो मोठ्या आवाजावर टाकून ताटांमध्ये ठेवला. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, तिकडे कुणीतरी लाईट बंद करतंय. मध्येच, आणि पुन्हा पुन्हा. त्याशिवाय असं होत नाही."

फोन संपला. कुणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न ताटांवर तसाच लोंबकळत राहिला. व्याह्यांनी निवडीबद्दल काही विचारलं नव्हतं, कुणीच विचारलं नव्हतं. पण काकांना वाटलं, आता म्हणतील, मीटरवाल्याने घेतलेलं यंत्र गेलं. ते एकदम बोलून गेले, "मला माहीत आहे कोण ते. सूनबाईचाच हात लागत असणार. तिचं मशीन तिथेच, ऊठबस तिचीच."

सूनबाईने वाढता वाढता हात थांबवला. "बाबा, आजवर तुम्ही मला एकच बोलत आलात, की मी कधी काही बंद करत नाही."

बरोबर बोलली होती. तिथेच थांबता आलं असतं. पण व्याही समोर बसलेले, काकांना मागे फिरायला जागा सापडेना. म्हणाले, "तेच! मी बोललो बोललो, तर आता भलतंच बंद करायला लागलीस. नको तिथे शहाणपण."

काकूंनी पदराने ओठ पुसले, काही खाल्लेलं नसताना. व्याह्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि काकांपुढे चक्क हात जोडले. "चुकलं असेल पोरीचं. तिच्या वतीने मी माफी मागतो. घरातलं नीट शिकवून पाठवायला हवं होतं आम्ही."

त्या जोडलेल्या हातांकडे सूनबाई बघत राहिली. काका मात्र म्हणाले, "अहो असू द्या, असू द्या," आणि वर आमटी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने कागद, पेन्सिली आणि जुनी कापडं पिशवीत भरली. "अप्पांकडे बसून पुन्हा काढते सगळं," ती काकूंना म्हणाली. "तिथे उजेड बरा आहे." ते शेवटचं वाक्य काकांच्या कानावर पडावं इतपत मोठ्याने.

ती गेली आणि बाहेरची खोली मुकी झाली. मशीनवर चादर. चार-दोन दिवसांनी काकू सकाळीच बहिणीकडे गेल्या, आणि काका एकटेच बँकेत जायला निघाले. चपला घातल्या, कुलूप लावलं, जिना उतरले. खाली आल्यावर खिसा चाचपला तर चष्मा नाही. वैतागून परत वर आले, कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं आणि उजवा हात आपोआप वर गेला.

खट्.

खोलीतला पंखा फिरायला लागला. फळीवरच्या बोर्डाने डोळा उघडला, आधी तांबडा, मग हिरवा.

काका तिथेच उभे राहिले. खटका वर गेला होता, म्हणजे आधी तो खाली होता. आणि खाली पाडला कुणी? घरात चिटपाखरू नव्हतं. हात अजून खटक्यावरच होता. त्यांनी तो खाली घेतला आणि त्याच्याकडे बघितलं, बसमध्ये आपल्याच खिशात सापडलेल्या परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तसं. वर त्यांचाच कागद, त्यांच्याच अक्षरात, 'बंद करू नये'. कागदाच्या खालच्या कडेला अंगठ्याचा मळका डाग उमटला होता. एवढा डाग एका दिवसात पडत नाही.

जाताना हात पाडत होता, आल्यावर हात चढवत होता, आणि धन्याला पत्ताच नव्हता. एवढ्या वर्षांची सवय, ती काय कागद वाचणार?

चष्मा घ्यायचा राहिलाच. काका खुर्चीत बसले. कानांच्या पाळ्या तापल्या, एकटेच असून. आमटी मागून घेतलेली आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मनाने पळवाटा शोधायला सुरुवात केली, ते तर मनाचं कामच. कुणी बघितलं नव्हतं. कुणी बघणारही नव्हतं. खटका आजपासून पाडायचा नाही, झालं. बोर्ड हलका निघाला म्हणायचं. ते खोटंही नाही, दुकानदार म्हणालाच होता. सुनेला मानाने परत आणायचं, मधला बोर्ड घेऊन द्यायचा. कुणाचंच काही जात नाही.

दुपारी काकू परत आल्या. त्यांना मात्र काकांनी सांगितलं. बायकोपासून लपवायची त्यांना सवय नव्हती, जमलंही नसतं.

काकूंनी सगळं ऐकलं आणि चपला न काढता दारातच बसल्या. "रोज खट् ऐकू यायचं मला जिन्यात. मला वाटायचं तुम्ही कडी सारताय." मग म्हणाल्या, "मी पण गप्प बसले त्या दिवशी. तिने काही केलं नाही हे मला ठाऊक होतं. कुणी केलं ते ठाऊक नव्हतं, म्हणून गप्प बसले."

"तू कशाला वाईट वाटून घेतेस?"

"तुमच्या वाटणीचं नाही वाटून घेत," काकू म्हणाल्या. "तुम्ही जा आता. आणि बोर्डाचं काही बिनकामाचं सांगत बसू नका."

बायको नवऱ्याला किती ओळखते बघा. पळवाटेचं तर त्यांनी तिला सांगितलंही नव्हतं.

व्याह्यांचं घर बसने अर्ध्या तासावर. वर राहायचं, खाली शिवणकाम. काका वर चढले तेव्हा पायरीपायरीवर दोऱ्यांचे तुकडे पडले होते. त्यांना बघताच व्याही गळ्यातल्या टेपसकट उठले, खुर्ची हाताने झाडली, वर पंखा लावला. "या या! तुम्ही कशाला त्रास घेतलात? आम्हीच पोरीला घेऊन येणार होतो." विहीणबाई चहा ठेवून गेल्या. काकांकडे बघितलं नाही, कप मात्र पाहुण्यांचा काढला होता. सूनबाई खिडकीशी कागदावर वाकून बसली होती. "या बाबा," म्हणाली आणि रबराने काहीतरी खोडत राहिली.

काकांनी घसा साफ केला. बसमध्ये सगळं जुळवून आणलं होतं, आता एक शब्द सापडेना. आणि सापडला तो नेमका पळवाटेतलाच. "त्याचं असं झालं," ते म्हणाले, "तो बोर्डच मुळात हलका निघाला. त्यात सूनबाईचं काही नाही."

हे ऐकून व्याह्यांचे डोळेच भरून आले. ते मुलीकडे वळले. "बघ! मी काय म्हणत होतो तुला? मोठ्या मनाचे आहेत तुझे सासरे. तुझी चूक पोटात घालून त्या यंत्रावर ढकलतायत, आणि सांगायला घर शोधत आले. असं कोण करतं गं आजकाल?"

सूनबाईने मान वर केली नाही. रबर तेवढं थांबलं.

काकांना वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. सोडवून घ्यायला म्हणून बोलले, तर वर मोठेपणाचा सदरा अंगावर चढला, तोही तिच्याच कापडातून बेतलेला. ते खुर्चीतून उठले. उठायचं काही कारण नव्हतं, पण बसून बोलवेना.

"मोठ्या मनाचा नाही हो मी," ते म्हणाले. "मीच बंद करत होतो. बाहेर पडताना खटका पाडायचो, आल्यावर चढवायचो. मला कळत नव्हतं, पण हात माझाच. बोर्डही मीच निवडला. ही नको म्हणत होती, दुकानदार नको म्हणत होता. लॅपटॉपमधलं मीच काढायला लावलं. आणि बोललो हिला. तुमच्यादेखत."

व्याह्यांना बिचाऱ्यांना काय करावं सुचेना. मुलीच्या सासऱ्याला असं उभं बघणं त्यांच्याने होईना. ते घाईघाईने म्हणाले, "अहो जाऊ द्या! होतं असं. सवयीचं काय सांगावं? मी नाही का चष्मा डोळ्यावर ठेवून शोधत बसतो? जाऊ द्या, जाऊ द्या."

"अप्पा," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही जाऊ द्या म्हणू नका. गेलंय ते माझं. आणि माफी तुम्ही आधीच मागून बसलाय, माझ्या नावाने."

ती काकांकडे वळली.

"बाबा, एकच विचारते. त्या दिवशी मला बोललात, तेव्हा तुम्हाला खरंच वाटत होतं का, की मीच करतेय म्हणून?"

हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर झालेली गोष्ट नुसती चूक ठरली असती, सवयीची, म्हाताऱ्या माणसाची. काका पंख्याकडे बघत राहिले, मग जमिनीवरच्या दोऱ्यांकडे.

"नव्हतं," ते म्हणाले. "मला तुझ्या अप्पांसमोर चुकीचं ठरायचं नव्हतं. तू जवळ होतीस, म्हणून तुझं नाव घेतलं."

तिने मान हलवली. तिला हेच उत्तर ठाऊक होतं, फक्त ते त्यांच्या तोंडून हवं होतं. ती पुन्हा कागदावर वाकली. कागदाकडेच बघत म्हणाली, "उद्या येते. आज नको. आज मला तुमच्यासोबत बसमध्ये बसवणार नाही."

"ये. नको येऊ. म्हणजे, तुला वाटेल तेव्हा ये."

"आणि पुढचा बोर्ड मी निवडणार. तो किती खातो हे मला कुणी विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"आणि खटका?"

"काढून टाकतो भिंतीवरून."

"भिंतीला भोक पडेल," ती म्हणाली. "खटका असू दे. हात त्या बाजूचा बांधून ठेवा."

व्याही हसायला लागले आणि मुलीचं तोंड बघून मध्येच थांबले. ती हसत नव्हती. काकांनी चहा उचलला, साय धरून गार झालेला. तसाच प्यायला, तळाशी राहिलेल्या साखरेसकट. विहीणबाईंनी दाराआडून सगळं ऐकलं होतं. त्या आल्या, रिकामा कप उचलला, आणि या वेळी त्यांनी काकांकडे नीट बघितलं. ते बघणं न बघण्यापेक्षा जड गेलं.

निरोप घेताना काका कुणाच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत. दाराशी जे पायाखाली आलं ते पायात सरकवलं आणि खाली मान घालून जिना उतरले. रस्त्यावर पोहोचेपर्यंत डाव्या पायाला काही वाटलं नाही. मग वाटलं. चप्पल लांब लागत होती, मागून टाच फटफट वाजत होती.

मागे जिन्यात पावलं वाजली. सूनबाई त्यांची डावी चप्पल हातात घेऊन खाली आली होती.

"बाबा, एक अप्पांची घालून चाललात."

काका तिथेच भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहिले आणि व्याह्यांची चप्पल पायातून झटकायला लागले. ती अंगठ्यापाशी अडकली, काही केल्या निघेना. सूनबाई त्यांची चप्पल हातात धरून उभी होती, खाली ठेवत नव्हती, मदतही करत नव्हती. नुसती वाट बघत होती. येणारी-जाणारी माणसं बघत होती.

"सावकाश," ती शेवटी म्हणाली. "पडाल."